बोबा भाईची साक्ष

आखातातल्या मुहर्रकला मुलाकडे येऊन शामराव तायड्यांना तीन आठवडे झाले होते. तेवढ्यात त्यांनी गल्लीतल्या झाडून सगळ्या बांगलादेशी माणसांना एकच प्रश्न विचारून घेतला होता. कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा, केस कापणारा, गाड्या पुसणारा, गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढणारा, कुणीच सुटलं नव्हतं. "भाई, तुम्हारा जिला कौनसा?" कुणी कुमिल्ला सांगे, कुणी सिलहट, कुणी नोआखाली. शामराव "अच्छा, अच्छा" म्हणून मान हलवत आणि दुधाची बाटली घेऊन घरी येत.

सून दीप्तीला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती विमानतळाजवळच्या एका कार्गो ऑफिसात होती, दिवसभर दहा देशांच्या माणसांशी बोलायची. सासऱ्यांना माणसांची हौस आहे, एवढंच तिने धरलं. पण पुष्पलताबाईंना ते पटत नव्हतं. त्रेपन्न वर्षांच्या संसारात या माणसाने अकोल्याच्या एसटीत शेजारच्याला कधी गाव विचारलं नव्हतं.

कोल्ड स्टोअरवाल्याला मात्र त्यांनी फरीदपूर जिल्ह्यातल्या नलखोला गावचं नावही सांगून ठेवलं होतं. मंगळवारी सकाळी त्याने त्यांना बघताच हात हलवला. "चाचा, फरीदपूरवाला मिल गया! मआमीरमें वेल्डर है, कमाल नाम. उसकी बहन उसीच गावमें ब्याही है, तुम्हारे नलखोलामें."

शामराव दूध न घेताच परत फिरले. घरी पुष्पलताबाई सोफ्यावर पाय घेऊन मेथी निवडत होत्या. मुलगा धम्मदीप सित्र्याच्या कारखान्यात शिफ्टला गेलेला, दीप्ती ऑफिसला जायला निघालेली. शामराव खुर्चीवर बसले ते बसूनच राहिले.

"आवो, काय झालं? गोळी घेतली का बीपीची?"

"पुष्पा," शामराव म्हणाले, "मले मलेरिया झाला नव्हता."

दीप्तीला काही कळलं नाही. तिला वाटलं, सासऱ्यांना काहीतरी होतंय, आणि तिने पर्स खाली ठेवली. पण पुष्पलताबाईंच्या हातातली जुडी हातातच राहिली. कुठला मलेरिया, हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांच्या आयुष्यात एकच मलेरिया होता.

एकोणीसशे एकाहत्तरच्या नोव्हेंबरात मूर्तिजापूरला त्यांचं लग्न ठरलं होतं. पत्रिका छापल्या, मांडव घातला आणि नवरदेव आलाच नाही. पत्र नाही, तार नाही. फौजेतला माणूस म्हणून वडील दोन महिने थांबले. आत्याने तर दुसरं स्थळही काढलं होतं. जानेवारीत शामराव दारात उभे राहिले. अंगावर मांस नाही, केस मानेवर आलेले. मलेरिया झाला, सिलिगुडीच्या मिलिटरी दवाखान्यात बेशुद्ध पडलो होतो, असं त्यांनी सांगितलं. आजारी माणसावर कोण रागावणार? मे महिन्यात लग्न झालं. तेव्हापासून दर पावसाळ्यात पुष्पलताबाई त्यांना न चुकता गुळवेलीचा काढा देत आल्या होत्या.

"मग कोठी होते तुम्ही?" त्यांनी विचारलं.

शामरावांनी सांगायला सुरुवात केली. दीप्तीने ऑफिसला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि ती जमिनीवरच बसली.

तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते, सिग्नल्समध्ये वायरलेस ऑपरेटर. मोर्सवर त्यांचा हात हलका आणि वेगवान होता. सप्टेंबरात सरहद्दीवरच्या एका छावणीत असताना, पलीकडे जायचा होता तो बंगाली ऑपरेटर काविळीने आडवा झाला. साहेबाने चार जणांना रांगेत उभं केलं आणि काळेसावळे, काटकुळे शामराव निवडले. बंगाली येत नाही म्हटल्यावर साहेब म्हणाला, "तोंड उघडलंस की मेलास. म्हणून तोंड उघडायचंच नाही. तू मुका आहेस." एका कागदावर सही घेतली: जे बघशील, जे करशील, ते मरेपर्यंत कुणाला सांगणार नाहीस.

मधुमती नदीच्या काठी नलखोला नावाचं गाव होतं. गावाच्या घाटावरून पाकिस्तानी फौजेचे ट्रक तराफ्यांवर चढून पलीकडे जात. घाटापासून हाकेच्या अंतरावर शाळेच्या मास्तरांचं बांबूचं घर होतं. शामराव तिथे मास्तरांचा लांबचा मुका भाऊ म्हणून राहिले. बंगालीत मुक्याला बोबा म्हणतात. सारं गाव त्यांना बोबा म्हणे, आणि मास्तरांची विशीतली बायको आतिका म्हणे बोबा भाई.

वायरलेस सेट भाताच्या कणगीत लपवलेला होता. बॅटरी भरायला हाताने फिरवायचा जनरेटर होता आणि तो फिरवला की भुंग्यासारखा आवाज व्हायचा. तो आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आतिका तेवढा वेळ भात कांडायची. पायाने दाबायचं मोठं लाकडी कांडण होतं, ते धाड धाड वाजत राहायचं. पोटुशी होती, सहावा चालू होता, तरी अर्धा अर्धा तास पाय मारत उभी राहायची.

घाटावरची खबरही तीच आणायची. फौजेच्या भटारखान्यात ती बदकाची अंडी विकायला जाई आणि येताना पदराच्या एका टोकाला ट्रकांच्या गाठी मारी, दुसऱ्या टोकाला तोफांच्या. मास्तर त्या गाठी सोडून आकडे मांडत, शामराव त्यांचे पाच-पाच अक्षरांचे गट करत आणि दुपारी दोनला दहा मिनिटांत सरहद्दीपलीकडे पाठवून देत. चालू असतानाच गस्त आली तर काय, हा विचार करायचा नाही असं तिघांनी न बोलता ठरवलेलं होतं. घरातसुद्धा शामराव बोलत नसत. बांबूच्या भिंतीला कान असतात. पाटीवर खडूने लिहायचं आणि पुसायचं.

"तीन महिने?" दीप्तीने विचारलं. "एक शब्द नाही?"

"झोपेत बोलतो की काय म्हणून तोंडाले फडकं बांधून झोपत होतो."

डिसेंबर लागला, उघड युद्ध सुरू झालं. एका रविवारी आतिका खबर घेऊन आली की उद्या सकाळी दहाला दारूगोळ्याचे अठरा ट्रक घाटावर येणार. तराफे तयार ठेवायला सांगितलंय. ती खबर शामरावांनी दोनच्या वेळेला पाठवली. उत्तर आलं: ठीक, दहाला विमानं येतील.

सोमवारी आठच्या सुमारास शिपाई गावात शिरले. पेट्या चढवायला माणसं हवी होती. त्यांनी घराघरातून गडी बाहेर काढले, मास्तरांनाही काढलं. शामरावांना एकाने बंदुकीच्या दस्त्याने ढोसलं, पण त्यांनी मुक्यासारखं भेसूर ओरडून लाळ गाळली, तेव्हा शिव्या देऊन सोडून दिलं. निघताना मास्तर बायकोला मोठ्याने म्हणाले, "आज बोब्याला काही काम सांगू नकोस. त्याला निजून राहू दे."

दीप्तीने पाणी पुढे केलं, पण शामराव ते प्याले नाहीत.

"दोनची वेळ ठरलेली होती. पण अडीअडचणीला एक दुसरी वेव्ह दिलेली होती, केव्हाही बोलता येईल अशी. मी सेट काढला. मोर्सच्या कीवर हात ठेवला. विमानं थांबवा, घाटावर आपली माणसं हायेत, एवढंच पाठवाचं होतं. दीड तास मी तसाच बसून होतो. आन नाई पाठवलं."

"काहून?" पुष्पलताबाईंनी हळू विचारलं.

"ते अठरा ट्रक पलीकडे गेले असते तर आपल्या किती पोरांवर फुटले असते, ते माहीत होतं. आन मास्तर म्हनले होते, बोब्याले काम सांगू नको. मले वाटलं, ते मलेच सांगून रायले की काही पाठवू नको म्हनून. पण खरंच तसं म्हनले का ते? का साधंच बोलले, आन मी माझ्या सोयीनं अर्थ काढला? चोपन्न वर्षं झाली. रोज वाटते."

दहा वाजून गेल्यावर विमानं आली. घाट तासभर फुटत राहिला. एक वाजता हुकूम आला की सेट मोडा आणि निघा. शामरावांनी सेटचे तुकडे तळ्यात टाकले. आतिका दारात उभी राहून घाटाच्या धुराकडे बघत होती. ओटीवर शेजारणी जमल्या होत्या, म्हणून त्यांना तेव्हाही बोलता आलं नाही. हात जोडून ते शेतातून निघून गेले. दहाएक दिवसांत युद्ध संपलं, त्यांची बदली पठाणकोटला झाली.

"मास्तर परत आले की नाई, मले माहीत नाई. आता मआमीरले एक कमाल म्हनून सापडला, त्याची बहीन त्या गावात हाय; शुक्रवारी जाऊन विचारतो."

पुष्पलताबाई बराच वेळ मेथीची पानं खुडत राहिल्या. देठ आणि पानं एकाच ताटात पडत होती.

"बंदी होती तोवर समजलं," शेवटी त्या म्हणाल्या. "पण नंतर? एक चिठ्ठी नाई टाकली तुम्ही त्या बाईले?"

"भेव वाटे, पुष्पा."

"शुक्रवारी मी बी येतो," एवढंच त्या म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या. त्या दिवशी त्या नवऱ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. रात्रीच्या जेवणात मात्र शामरावांच्या ताटात भाकरी नेहमीसारखी कुरकुरीत आली.

शुक्रवारी दीप्तीने गाडी काढली. मआमीरला शिरताच रिफायनरीचा वास काचा बंद असूनही आत आला. गॅरेजांची शटरं ओढलेली होती, रस्त्यावर लुंग्या वाळत होत्या. कमाल चाळिशीचा होता, हातभर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग. त्याने खोलीतल्या दोघा सोबत्यांना बाहेर पाठवून पाहुण्यांसाठी खाट मोकळी केली आणि कंडेन्स्ड मिल्कचा दाट चहा दिला.

"मेरी बहनने बोला, आतिका नानी है," तो म्हणाला. "सत्तर के उपर. कान कम है, बाकी सब ठीक. मास्तर…" त्याने मान हलवली. "मास्तर तो लडाईमेंच खलास."

शामरावांनी डोळे मिटले. उत्तर त्यांना मनातून माहीत होतं, तरी कुणी तोंडाने सांगितलं नव्हतं.

कमालने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी कोंबड्या दिसल्या, मग त्याची बहीण, मग पत्र्याच्या घरासमोर खुर्चीत बसलेली पांढऱ्या केसांची बारीक बाई. तिच्या मागे पन्नाशीची दुसरी एक बाई हाताची घडी घालून उभी होती. कमाल बंगालीत ओरडून सांगू लागला की हिंदुस्तानातून एक चाचा आलेत, तुम्हाला ओळखतात. म्हातारी डोळे बारीक करून बघत राहिली.

शामरावांनी फोन हातात घेतला. त्या तीन महिन्यांत कानावर पडून बंगाली त्यांना सगळं समजत होतं, पण बोलले कधीच नव्हते.

"भाबी," ते म्हणाले, "आमि बोबा."

म्हातारीने कान पुढे केला. त्यांनी पुन्हा मोठ्याने सांगितलं. तिचं तोंड उघडं पडलं.

"बोबा कथा कय?" ती म्हणाली. मुका बोलतो? आणि ती हसू लागली. अंग हलवून, खोकला येईपर्यंत हसली. पुष्पलताबाईंनाही भाषा न समजता हसू आलं. मग ते हसणं थांबलं आणि आतिकाचा आवाज चढला. आत्ता आलास? एवढ्या वर्षांनी? मेलास समजून मी तुझ्यासाठीसुद्धा दुवा मागत होते. एक कागद पाठवता आला नाही तुला?

कमाल ओशाळून म्हणाला, "चाचा, नानी थोडा गुस्सा…"

"सांगू नको, बेटा. मला कळतंय. बोलू दे तिला."

तिचं बोलून झाल्यावर शामरावांनी तिला सगळं सांगितलं. अर्धं मोडक्या बंगालीत, अर्धं हिंदीत, कमालच्या मदतीने. दुसरी वेव्ह होती. दीड तास हातात होता. मी पाठवलं नाही. मास्तर माझ्यामुळे गेले.

मागची बाई आता खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून पुढे वाकली होती.

"आदल्या संध्याकाळीच आमचं बोलणं झालं होतं," आतिका म्हणाली. "ते म्हणाले, उद्या हमाल म्हणून गावातली माणसं नेतील. मलाही नेतील. बोबा भाई कच्च्या दिलाचा आहे, तो विमानं थांबवायला बघेल. तू त्याला करू देऊ नकोस. मी म्हटलं, मी कशी अडवू? ते म्हणाले, मीच जाताना सांगून जाईन. आणि सांगून गेले ना तुझ्यासमोर? तुला समजलं नाही?"

"समजलं," शामराव म्हणाले. "पण भरवसा नव्हता."

"मी भिंतीपलीकडेच होते. तुझी की वाजते का, ते ऐकत होते. वाजली तर आत येऊन तुझा हात धरायचा होता. आणि मनात म्हणत होते, अल्ला, वाजू दे." ती थांबली. "गाठी मी मारल्या होत्या, बोबा भाई. तू एकट्याने कशाला डोक्यावर घेऊन बसलास?"

शामरावांचे खांदे हलायला लागले तशी पुष्पलताबाईंनी आपला हात त्यांच्या पाठीवर ठेवला. मंगळवारनंतर पहिल्यांदाच.

तेवढ्यात मागची बाई पुढे आली. ती मास्तरांची मुलगी, बाप गेल्यावर जन्मलेली. इरम नाव. बापाच्याच शाळेत शिकवत होती. ती स्वच्छ हिंदीत बोलली, आणि तिच्या आवाजात ओलावा नव्हता.

"शाळेच्या फाटकापाशी दगड आहे. युद्धात गेलेल्या गावच्या माणसांची नावं आहेत. अब्बांचं नाही. ते शत्रूचा दारूगोळा चढवताना मेले, म्हणून. कुणी म्हणतं, पैसे घेऊन गेले होते. अम्मीने खूप सांगितलं, पण त्या मुक्याचा पत्ता नाही, वायरलेसचा पुरावा नाही, बायकोचं कोण ऐकणार? तीस वर्षं मी रोज त्या दगडासमोरून वर्गात जाते. तुम्ही लिहून द्याल का?"

"देतो," शामराव म्हणाले.

संध्याकाळी धम्मदीप शिफ्टवरून आला आणि सगळं ऐकून डोकं धरून बसला. बापाचा त्याला अभिमान वाटत होता, तो त्याच्या डोळ्यांत दिसत होता, पण तो बोलला ते काळजीनेच.

"बाबा, तुम्ही सही केलेली आहे. पेन्शनवर काही आलं तर? आणि इथे फोनवर युद्ध, वायरलेस, हेरगिरी असलं बोलू नका हो. आपण परक्या देशात आहोत. आधी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका, परवानगी मागा."

"परवानगी यायले किती वर्षं लागतील?"

"दोन. तीन."

"आतिका भाबी किती दिवसांची हाय, हे रेकॉर्ड ऑफिसले माहीत हाय का?"

धम्मदीप बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"मी साहेबांची नावं लिहिनार नाई," शामराव शांतपणे म्हणाले. "वेव्ह नाई, कोड नाई. देशाचं जे हाय ते माझ्यापाशीच राहीन. पण मास्तर देशाचं गुपित नव्हते. ते माणूस होते."

दोन दिवस ते दीप्तीच्या लॅपटॉपशेजारी बसून मजकूर सांगत राहिले. सिग्नल्समध्ये शिकलेलं तुटक, नेमकं इंग्रजी होतं; दीप्ती टाईप करत गेली. स्वतःचा फौजी नंबर, हुद्दा, तारखा. घराचं तोंड कुठे, कणगी कुठे. कुणी गाठी मारल्या, कुणी आकडे मांडले. शेवटच्या परिच्छेदाशी दीप्ती थांबली.

"बाबा, हे दीड तासाचं कशाला? त्यांना मास्तरांबद्दल हवंय. तुम्ही पाठवलं नाही, हे लिहिलं तर उद्या कुणीतरी म्हणेल, याच माणसाने मारलं."

"म्हनू दे. ते काढलं तर मास्तर काय म्हनून गेले, ते बी काढावं लागन. आन तीच तर त्यांची सारी गोष्ट हाय. त्यांना माहीत होतं, दहाले काय होनार. तरी गेले."

दीप्तीने ते ठेवलं. शामरावांनी प्रत्येक पानाखाली सही केली. पुष्पलताबाईंनी कागद उजेडात धरून बघितले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण सही ओळखीची होती.

इरमने त्याचं बंगाली केलं. पुढच्या शुक्रवारी शाळेच्या अंगणात गावची बैठक बसली, आणि कमालच्या बहिणीने फोन उंच धरून मुहर्रकच्या हॉलमध्ये बसलेल्या तायडे मंडळींना ती दाखवली. इरमने वाचलं. तिचा आवाज एकदाच अडखळला, बापाच्या शेवटच्या वाक्यापाशी.

वाचून होताच मेंदी लावलेल्या दाढीचा एक म्हातारा उठला. कमिटीतला वजनदार माणूस असावा, कारण सगळे गप्प झाले.

"कुठला हा हिंदुस्तानी? आज उठून कुणीही बोबा होईल. तो इथे होता याला पुरावा काय?"

फोन शामरावांच्या दिशेने वळला. ते खुर्चीत ताठ बसले. घर, तळं, शाळा हे सगळं तर लिहिलंच होतं. आणखी काय सांगावं? मग त्यांना एक गोष्ट आठवली, लिहिण्याजोगी वाटली नव्हती म्हणून राहिलेली.

"एक उंच माणूस होता," ते मोडक्या बंगालीत म्हणाले. "एका डोळ्यात फूल पडलेलं. त्याची तांबडी गाय सारखी सुटायची. दर दोन दिवसांनी येऊन मला विचारायचा, गाय बघितलीस का? मी मुका, काय सांगणार? तो चिडायचा आणि पायांवर काठी मारायचा. गाय बहुतेक वेळा मास्तरांच्या केळीतच असायची."

दाढीवाला म्हातारा उभाच होता. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू सगळ्या बाकांवरून फिरत गेलं.

"ते आमचे अब्बा," म्हातारा म्हणाला. मग त्याने विचारलं, "जोरात मारायचे का?"

"जोरातच मारायचे."

"माफ करा," म्हातारा म्हणाला आणि खाली बसला. नंतर कुणी हरकत घेतली नाही. सव्वीस मार्चला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, नाव कोरायचं ठरलं.

दगडाचा फोटो आला तेव्हा शामरावांची परतायची तिकिटं निघाली होती. जागा उरली नव्हती, म्हणून मास्तरांचं नाव अगदी खाली, जरा दाटीवाटीने बसवलेलं होतं. शामरावांनी तो फोटो बोटांनी मोठा करून अक्षर न् अक्षर वाचला. धम्मदीपने न सांगता त्याची मोठी प्रिंट काढून आणली आणि बापाच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध सपाट ठेवली.

त्याच दिवशी इरमचा फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता, एखाद्या लहान मुलीसारखा चाचपडत येणारा.

"चाचा, नाव झालं. पण मी अब्बांना बघितलेलं नाही. एक फोटोसुद्धा नाही. अम्मी सांगते, पण ती आता तेच तेच सांगते. ते हसायचे कसे? चिडायचे का? तुम्ही तीन महिने एका घरात होता. काहीही सांगा. दर शुक्रवारी थोडं थोडं सांगाल का?"

शामरावांनी पुष्पलताबाईंकडे बघितलं. "सांगा ना," त्या म्हणाल्या. "मले बी ऐकाचं हाय. माझं लग्न मोडून बसले होते कोनाच्या घरी, ते तरी कळू दे."

शामरावांनी खुर्ची खिडकीशी ओढून घेतली. धावपट्टीवर उतरणारं विमान गच्चीवरून गेलं, त्याचा आवाज जाईपर्यंत ते थांबले, आणि मग सावकाश, एक एक बंगाली शब्द जुळवत बोलू लागले.

"तुझे अब्बा हसताना तोंडावर हात ठेवायचे. पुढचा दात पडलेला होता ना, त्याची त्यांना लाज वाटायची. आणि आंबट खायची भारी आवड. एकदा चिंचेसाठी ते झाडावर चढले, आणि खाली तुझी अम्मी…"

पलीकडे इरम पेन शोधत होती. "थांबा चाचा," ती म्हणाली, "हळू सांगा. मी लिहून घेते."